निवांत गावांचा तक्ता

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आमच्याकडे एक तक्ता पाठविला. हे गृहस्थ बत्तीस वर्षे नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले आहेत. पुण्याच्या गर्दीस आणि धुळीस ते कंटाळले असून उरलेले आयुष्य कोठे तरी निवांत जागी घालवावे, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा विचार ठरला आहे. विचार ठरला, पण गाव ठरले नाही. म्हणून त्यांनी सहा गावे निवडली : नाशिक, सातारा, वाई, बेळगाव, पणजी आणि गुहागर. प्रत्येक गावापुढे त्यांनी बारा रकाने आखले. हवामान, घराची किंमत, दवाखान्याचे अंतर, विजेची स्थिती, इंटरनेटचा वेग, भाजीचा भाव, मोलकरणीचा पगार, रेल्वे, वाचनालय, शेजार, गोंगाट आणि 'एकंदर शांतता'. दर रकान्यात दहांपैकी गुण दिले, बेरीज केली, आणि गुहागर पहिले आले. आम्ही गेली काही वर्षे गुहागरास राहत आहो हे त्यांस ठाऊक असल्यामुळे, गुण बरोबर पडले आहेत की नाहीत एवढेच आम्ही पाहून द्यावे, अशी त्यांची विनंती होती.

गुण बरोबर पडले आहेत. किंबहुना गोंगाटाच्या रकान्यात गुहागरास त्यांनी आठच गुण दिले आहेत, ते आम्ही नऊ केले असते. पण दोन रकान्यांपाशी आमची दृष्टी अडखळली. पहिला मोलकरणीच्या पगाराचा. पगार जितका कमी तितके गुण अधिक, असा तेथे हिशेब आहे, आणि त्यात गुहागरास दहांपैकी नऊ मिळाले आहेत. म्हणजे आमच्या पाखाडीवरल्या एका बाईच्या संसारात जी तूट आहे, तीच आमच्या स्नेह्यांच्या तक्त्यात जमेच्या बाजूस मांडली गेली! दुसरा रकाना शेजाराचा. तेथे सात गुण आहेत. ज्या शेजाऱ्यांचे अद्यापि तोंडही पाहिले नाही त्यांस सात गुण कशावरून दिले, असे आम्ही फोनवर विचारले. 'लोक साधे वाटतात,' असे उत्तर मिळाले. साधे म्हणजे काय, ह्याचा खुलासा आम्ही मागितला नाही. तो आम्हांस ठाऊक आहे. जो आपल्या आड येत नाही तो साधा.

स्नेह्यांची थट्टा करावी हा आमचा हेतू नाही. असले तक्ते सांप्रत मध्यम वर्गातील घरोघर तयार होत आहेत, आणि आम्ही स्वतःही ह्या दोषापासून मुक्त नाही. गुहागरास येण्यापूर्वी भिंतीवरल्या दिनदर्शिकेचे एक जुने पान उलटे करून आम्हीही असाच तक्ता मांडला होता. त्यात रकाने नऊ होते, एवढाच काय तो फरक. म्हणून पुढील मजकुरात जे कठोर शब्द येतील ते आमच्या स्नेह्यांइतकेच आम्हांसही लागू आहेत, असे वाचकांनी समजावे.

ह्या तक्त्यांच्या बुडाशी एक समजूत आहे. गावाचा निवांतपणा ही वाऱ्यापाण्यासारखी निसर्गाची देणगी असून ती तेथे आयतीच पडून आहे, आणि ज्याच्या गाठीस पैसा असेल त्याने पसंत पडेल ती उचलावी, अशी ती समजूत. आमचे म्हणणे असे की ही समजूत खोटी आहे; आणि खोटी असून ती निरुपद्रवीही नाही. निवांतपणा हा कोणी तरी केलेल्या कामाचा, किंवा कोणी तरी सोसलेल्या वियोगाचा परिणाम असतो. तो कोणी केला आणि कोणी सोसला हे न विचारता जो त्याची निवड करतो, तो तो निवांतपणा नासवितो, आणि बहुधा स्वतःही फसतो.

ह्यास पहिला दाखला आमच्या स्नेह्यांच्या दाराशीच आहे. पुणे हे एके काळी पेन्शनरांचे गाव म्हणून ओळखले जात असे, हे आजच्या तरुण वाचकांस सांगूनही खरे वाटणार नाही. मुंबईस, नागपुरास, वऱ्हाडात नोकऱ्या केलेले गृहस्थ निवृत्त होताच पुण्यास येत, डेक्कन जिमखान्यावर किंवा प्रभात रस्त्याच्या आसपास टुमदार बंगला बांधीत, बागेत दोन पेरू आणि एक चाफा लावीत, आणि सायंकाळी काठी घेऊन टेकडीवर फिरावयास जात. त्यांनीही तक्ते केलेच असतील. हवा, पाणी, शाळा आणि नाटके ह्या रकान्यांत पुण्यास भरपूर गुण पडले असतील. पुढे काय झाले? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि शहर चहूंकडे पसरू लागले. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने आले, मागून हिंजवडीस संगणकाचे उद्योग आले. हे सर्व खरे, आणि ह्याचा दोष पेन्शनरांच्या माथी मारणे अन्याय होईल. परंतु ज्या बंगल्यांनी पुण्याचा निवांतपणा नावारूपास आणला, ते बंगले कोणी पाडले? ज्यांनी बांधले त्यांच्याच मुलांनी व नातवांनी, बांधकाम करणाऱ्याशी करार करून. बंगल्याच्या जागी बारा बिऱ्हाडे आली, पेरूच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या, आणि आता त्या बिऱ्हाडांतले आजोबा नवा तक्ता घेऊन बसले आहेत. बंगळूरचीही हीच कथा आहे. पेन्शनरांचा स्वर्ग म्हणून त्या शहराची वर्षानुवर्षे वाखाणणी झाली, आणि आज तेथे रस्त्यावर अडकलेल्या मोटारीत बसूनच मनुष्यास स्वर्गाचे चिंतन करावे लागते. निवांत म्हणून ज्या गावाचा डंका वाजला, त्याचा निवांतपणा फार दिवस टिकत नाही. कारण डंका हाही एक गोंगाटच आहे.

तक्त्यातील इतर गावांविषयी आम्हांस थोडेच सांगावयाचे आहे. बेळगावास 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणत, आणि तेथली हवा त्या नावास साजेशी आहे. पण मराठी कुटुंबाने तेथे राहावयास जाताना १९५६ पासून चाललेल्या सीमावादाचा तक्त्यात एकही रकाना असू नये, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. त्या शहरात दुकानावरील पाटीच्या भाषेसाठी माणसे झगडत आली आहेत. आणि आमचे स्नेही तेथील गोंगाटास सात गुण देऊन मोकळे झाले! वाईची गोष्ट निराळी. वाईची शांतता कृष्णेच्या घाटांची आहे, तशीच ती कामाचीही आहे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा तेथे वाढली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेथे राहिले, आणि मराठी विश्वकोशासारखे अवाढव्य काम त्या लहान गावात बसून केले गेले. त्या लोकांनी वाई निवडली ती विश्रांतीसाठी नव्हे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नाशिक, सातारा आणि पणजी ह्यांविषयी आमचा अधिकार नाही. तेथे आम्ही पाहुणे म्हणूनच गेलो आहो.

आता गुहागर. समुद्राला समांतर असा एक लांब रस्ता, त्याच्या दोहो अंगांस घरे, आणि पश्चिमेकडील घरांच्या परसापासून थेट वाळूपर्यंत पोहोचलेली नारळी-पोफळीची आगरे, अशी ह्या गावाची घडण आहे. एका टोकास वरचा पाट, दुसऱ्यास खालचा पाट, आणि मध्ये व्याडेश्वराचे देऊळ, जेथे दूरदूरची कुळे आपल्या कुलदैवतास येतात. वाळूचा किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब आहे. मार्गशीर्षात पहाटे त्यावरून चालत जावे तर पावलांचे ठसे आपले आणि खेकड्यांचे, एवढेच. आगरात शिरावे तर भर दुपारी सावली. पोफळीचे सरळ सोट खांब, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, आणि कोठे तरी पाटातून वाहणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज. आमचे स्नेही दोन वेळा आले ते ह्याच महिन्यात. त्यांनी 'एकंदर शांतता' ह्या रकान्यात दहा गुण दिले ह्यात नवल नाही.

ही शांतता कशाची आहे, हे पाहावयाचे असल्यास किनारा सोडून रस्त्यावर यावे आणि दाराची कुलुपे मोजावीत. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. देशभर माणसे वाढत असता दहा वर्षांत ह्या जिल्ह्यात ८१,७०८ माणसे कमी झाली. त्याच २०११ च्या गणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, हे प्रमाण महाराष्ट्रात सर्वांत अधिक. हा आकडा वाचून स्त्रीजन्माच्या सन्मानाविषयी व्याख्यान देण्याचा मोह कोणास होईल, तर त्याने आवरावा. पुरुष मुंबईस गेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पिढ्यान्पिढ्या गिरणगावाने ह्या गावांतले तरुण ओढून घेतले आणि महिन्याच्या महिन्यास मनीऑर्डर पाठविली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा अंत झाला, तेव्हा काही माणसे परत आली, पण त्यांची मुले पुन्हा विरार-डोंबिवलीच्या गाडीत बसली. आमच्या उजव्या हाताचे घर गणपतीत आठ दिवस आणि शिमग्यात चार दिवस उघडते. डाव्या हाताच्या घरात एक सत्याहत्तर वर्षांच्या काकू एकट्या राहतात. रात्री साडेआठास त्यांचा दिवा मालवला की आमच्या बाजूस जी शांतता पसरते, तिला दहा गुण देण्यास आमचा हात धजत नाही.

ह्या मातीने माणसे दिली ती बाहेर देण्यासाठीच की काय, असे वाटण्याजोगा इतिहास आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १८६६ साली ह्याच तालुक्यातील कोतळूक गावी जन्मले. शिकले कोल्हापुरास व मुंबईस, आणि १९०५ साली भारत सेवक समाज काढला तो पुण्यास. दाभोळच्या खाडीपलीकडील मुरूडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी एका परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. आमच्या स्नेह्यांच्या तक्त्यात सातारा हे विश्रांतीचे गाव आहे. त्या मुलास ते पायपिटीनंतर बंद झालेले दार होते. दोनशे वर्षे कोकणचा माणूस पोटासाठी घाट चढत राहिला, आणि आता त्याच घाटाने आम्ही भरल्या पोटाने खाली उतरत आहो. त्याने मोकळी केलेली जागा आम्हांस निवांत वाटते.

आगरातील सावलीचेही तसेच आहे. नारळी-पोफळीची बाग हे रान नव्हे. तिला दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत शिंपणे लागते; पूर्वी रहाटास रेडा किंवा बैल जुंपून शिंपीत, आता विजेचा पंप आहे, पण पाटाचे तोंड फिरवावयास मनुष्य लागतोच. नारळ काढावयास पाडेली लागतो, आणि चाळीस फूट उंच माडावर चढण्यास आता तरुण पोरे तयार नाहीत, त्यांस आम्ही दोष देत नाही. सुपारी उतरवावी, वाळवावी, सोलावी. हे काम बहुतेक बायकांचे. डोंगरावरील हापूसच्या बागांत तर राखणीस नेपाळचे गडी येऊन राहिले आहेत. घरचा मुलगा मुंबईस पहारेकरी आणि घरच्या कलमांवर नेपाळी पहारेकरी! ह्या व्यवस्थेत पोफळीची सावली अजून टिकून आहे ती काही चिवट म्हाताऱ्यांच्या जोरावर. आणि ती विकत घेणारा मनुष्य पहिली गोष्ट काय करतो? समुद्र दिसावा म्हणून मधल्या दहा पोफळी तोडतो.

असे भूखंड आता विकले जात आहेत. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेता येत नाही. म्हणून जमीन आधी बिनशेती करून घ्यावयाची, मग तिचे तुकडे पाडावयाचे, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांस 'दुसरे घर' म्हणून विकावयाचे, असा क्रम आहे. ज्यांचे वडिलार्जित घर आहे त्यांचीही अवस्था काही बरी नाही. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर तेवीस नावे आहेत. त्यांपैकी अकरा जण हयात नाहीत, चार परदेशी आहेत, आणि उरलेल्यांतील दोघांस बिनशेती करून विकण्याची घाई झालेली आहे. गेल्या गणपतीत पडवीत बसून त्यांनीही एक कागद पुढे केला. तोही तक्ताच होता. त्यात दर गुंठ्यास कोणत्या गावी काय भाव मिळतो ते लिहिले होते, आणि त्यातही गुहागर वरच्या क्रमांकावर होते. आमच्या स्नेह्यांचा तक्ता आणि आमच्या भाऊबंदांचा तक्ता एकमेकांची वाट पाहत आहेत, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.

येथे विहिरींविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असते. बेताने उपसले तर पिढ्यान्पिढ्या पुरते. पंप लावून अतोनात उपसले तर खालचे खारे पाणी वर येते, आणि एकाच्या तलावाचा मचूळपणा शेजारच्या चार विहिरींत उतरतो. तलाव म्हणजे पोहण्याचा. समुद्र पन्नास पावलांवर असता घरात पोहण्याचा तलाव हवा, असे ज्यांस वाटते त्यांच्याशी आमचे काही बोलणे नाही.

आता पूर्वपक्षाचे ऐकू. कोणी म्हणेल, बाहेरचा पैसा गावात आला तर काय वाईट? गवंड्यास काम मिळते, वाण्याचा माल खपतो, घरगुती खानावळी चालतात. हे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्याचा आम्ही आदर करतो. व्याडेश्वरास येणाऱ्या यात्रेकरूंवर आणि किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांवर येथे पुष्कळ घरे चालतात. मोदक, आंबोळी आणि सोलकढी विकून एका बाईने मुलीस परिचारिकेचे शिक्षण दिले, हे आमच्या डोळ्यांपुढचे आहे. पण बाहेरच्या पैशाचा अनुभव ह्या तालुक्याने फार मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. अंजनवेल, वेलदूर, रानवी ह्या परिसरात एन्रॉनचा वीजप्रकल्प यावयाचे ठरले ते १९९२ साली. १९९५ मध्ये करार रद्द झाला, मग नवा झाला, १९९९ मध्ये वीज निघाली, २००१ मध्ये कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे अमेरिकेत त्या कंपनीने दिवाळे काढले. २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी करावी लागली. मधल्या काळात ज्यांनी कर्जे काढून खोल्या बांधल्या, गाड्या घेतल्या, त्यांस आठवा. ती कंपनीही नकाशा पुढे ठेवून, खोल पाणी, जमीन आणि वाहतूक ह्यांची तुलना करूनच येथे आली होती. तिच्या तक्त्यातही गावास उत्तम गुण पडले होते. जो गुण पाहून येतो तो गुण ओसरल्यावर जातो. मग तो वीज काढणारा असो की विश्रांती घेणारा.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. आम्ही आयुष्यभर राबलो, आता दोन घटका शांत बसण्याचाही आम्हांस अधिकार नाही काय? अधिकार आहे. पण वार्धक्याची शांतता आणि गावाची शांतता ह्या दोन गोष्टी एक समजण्यात मोठा घोटाळा आहे, आणि तो घोटाळा पावसाळ्यात उघडा पडतो. ह्या जिल्ह्यात वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. येथल्या बायका वैशाखातच आगोटीच्या तयारीस लागतात. सरपण आत घ्यावयाचे, मीठ-मिरची, कुळीथ, सुकी मासळी ह्यांची बेगमी करावयाची, पडवीच्या तोंडाशी झावळ्यांची झड बांधावयाची. हे सारे हौसेने केले जात नाही. उद्या दार उघडून बाहेर जाता येईलच असा भरवसा नसतो म्हणून केले जाते. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण दुखणे मोठे असले की चिपळूण गाठावे लागते, ते सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. अथवा त्याहून पुढे डेरवण. आणि २२ जुलै २०२१ रोजी खुद्द चिपळूणच वाशिष्ठीच्या पुरात बुडाले, तेव्हा गुहागरच्या रोग्याने कोठे जावयाचे होते? 'दवाखान्याचे अंतर' ह्या रकान्यात स्नेह्यांनी सहा गुण दिले आहेत. अंतर नकाशावरून मोजलेले आहे. आषाढातून मोजलेले नाही.

आम्ही ते एकदा मोजले आहे. तीन वर्षांपूर्वी आषाढातील एका रात्री आमच्या घरी छातीत कळ आली. कळ आमच्या पत्नीस आली होती, आणि घाम आम्हांस फुटला होता. वीज तिन्हीसांजेपासून गेलेली, फोन मुका, आणि चिपळूणच्या रस्त्यावर झाड आडवे पडल्याचे दुपारीच कळलेले. खालच्या अंगाच्या ज्या शेजाऱ्याशी गडग्याच्या दोन हातांवरून आमचा वर्षभर अबोला होता, आणि ज्याच्याविषयी आम्ही पंचायतीच्या कार्यालयात लेखी तक्रारही देऊन आलो होतो, त्याच्या दारी आम्ही कंदील घेऊन उभे राहिलो. त्याने काही विचारले नाही. मुलास उठविले, पाखाडीवरून आणखी चार जण आले, कोणी कुऱ्हाड घेतली, कोणी दोर, कोणाची तरी जीप निघाली. झाड तोडून वाट करण्यास सव्वा तास लागला. तो सव्वा तास पावसात उभी राहून शेजाऱ्याची बायको आमच्या पत्नीचा हात धरून होती, आणि तिच्याशी काय बोलावे हे न सुचल्यामुळे आपल्या म्हशीच्या व्यायण्याची हकीकत सांगत होती. पहाटे आम्ही चिपळुणास पोहोचलो. पत्नी वाचली.

पंधरा दिवसांनी आम्ही शेजाऱ्याकडे गेलो आणि, लिहिण्यास लाज वाटते, पाकीट पुढे केले. त्याने ते घेतले नाही. म्हणाला, "काका, पैसं ठेवा. शिमग्याला पालखीला खांदे कमी पडतात, पोरं मुंबैला. तेवढं बघा."

गडगा जेथे होता तेथेच आहे. त्या दोन हातांचा निकाल अद्याप लागलेला नाही, आणि शेजारी त्यावरून आजही भांडतो; जोराने भांडतो. तक्त्यातील 'शेजार' आणि 'गोंगाट' ह्या दोन रकान्यांत त्यास किती गुण द्यावे हे आमच्या स्नेह्यांनीच ठरवावे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो आमच्या मुलीने घातला. ती म्हणते, गावची माणसे स्वखुशीने निघून गेली आहेत. मोकळ्या झालेल्या जागी नवी माणसे आली तर तुमचे काय गेले? बंद घरापेक्षा उघडे घर बरेच की! हे तिचे म्हणणे आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळविले. 'स्वखुशीने' हा शब्द आम्हांस मान्य नाही. पण उघडे घर बरे, हे मान्य आहे. आमचा वाद येणाऱ्यांशी नाही. येथे नवी माणसे आली पाहिजेत. शाळेच्या वर्गांत मुले कमी होत चालली आहेत, ग्रंथालयास चिटणीस मिळत नाही, सहकारी सोसायटीचा ताळेबंद लिहावयास शिकलेला मनुष्य सापडत नाही. आमचा वाद आहे तो येऊनही न येणाऱ्यांशी. वर्षातले अकरा महिने कुलूप लावून, बाराव्या महिन्यात गावाची शांतता उपभोगावयास येणाऱ्यांशी. चाकरमान्याचे घरही अकरा महिने बंद असते हे खरे. पण त्याची म्हातारी ह्या गावात गेली, त्याची वर्गणी देवळात येते, आणि गणपतीस तो आला की चार घरी जाऊन भांडतो व चार घरी जाऊन जेवतो. त्याच्या कुलपाच्या आत घर आहे. नव्या बंगल्याच्या कुलपाच्या आत केवळ किंमत आहे, आणि ती वाढत आहे.

तेव्हा आम्ही स्नेह्यांचा तक्ता परत पाठविला आहे. गुणांत फेरफार केला नाही. फक्त तेरावा रकाना आखून तो सहाही गावांपुढे कोरा ठेवला, आणि त्याच्या माथ्यावर लिहिले : 'ह्या गावाचे कोणते काम मी उचलणार?' सोबत एक सूचना केली. घर विकत घेण्याची घाई करू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी माडीवरली खोली भाड्याने मिळते. ज्येष्ठात यावे आणि दिवाळीपर्यंत राहावे. मार्गशीर्षातले गुहागर त्यांनी पाहिलेले आहे, आता भाद्रपदातले पाहावे. छत्रीने भागत नाही, इरले किंवा जाड रेनकोट आणावा. सोसायटीच्या वह्या त्यांच्यासाठी काढून ठेवतो. हिशेबाचे काम त्यांनी जन्मभर केले आहे, आणि आमच्याने ते होत नाही. शिमग्यापर्यंत टिकले तर पालखीस खांद्याची अडचण आहेच. आमचा खांदा सहासष्ट वर्षांचा आहे आणि गेल्या वर्षी तो दोन दिवस दुखत होता.

परवा त्यांचे उत्तर आले. सूचना त्यांस आवडली आहे; पत्नीशी बोलून कळवितो, असे लिहिले आहे. तूर्त एवढेच विचारले आहे की माडीवरल्या खोलीत इन्व्हर्टर आहे काय. आम्ही उलट टपाली कळविले, की नाही, कंदील आहे.